सॅन फ्रान्सिस्कोची चिनी पेठ

सॅन फ्रान्सिस्को शहरात बुश स्ट्रीट आणि ग्रँट अ‍ॅव्हेन्यू हे रस्ते जेथे मिळतात, तेथे हिरव्या कौलांची एक तिहेरी कमान उभी आहे. मधल्या दारातून मोटारी जातात, बाजूच्या दोन दारांतून पायी चालणारे. दोन्ही अंगांना दगडी सिंह बसलेले आहेत. नराच्या पंजाखाली चेंडू, मादीच्या पंजाखाली छावा. मधल्या दारावर चार चिनी अक्षरे कोरली आहेत. या जगात जे आहे ते सर्वांच्या हितासाठी आहे, असा त्यांचा आशय असून चिनी प्रजासत्ताकाचे जनक सुन यत्-सेन यांना हे वचन फार प्रिय होते. ही चायनाटाउनची, म्हणजे तेथील चिनी पेठेची, वेस. वास्तुविशारद क्लेटन ली यांच्या आराखड्यानुसार ती १९७० साली बांधली गेली आणि तिची कौले तैवानहून आली. गंमत अशी की पेठ वसून त्या वेळी सुमारे सव्वाशे वर्षे होत आली होती. पेठ आधी आणि वेस नंतर, असा हा उलटा क्रम आहे.

मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीस असल्याने तेथे दोन-चार महिने जाऊन राहणारी पुष्कळ कुटुंबे आज आपल्या समाजात आहेत. शनिवार-रविवारी मुले आईवडिलांना सॅन फ्रान्सिस्को दाखवण्यास आणतात. गोल्डन गेट पूल होतो, उतारावरून धावणारी केबल कार होते आणि जाता जाता चायनाटाउन होते. बहुतेकांची भेट या कमानीपुढील छायाचित्र आणि दोन-चार शोभेच्या वस्तूंची दुकाने एवढ्यातच आटोपते. वास्तविक ही पेठ गाडीतून पाहायची नव्हे. ती सावकाश चालत, आणि मुख्य म्हणजे मान वर करून पाहायची आहे. कारण जे पाहण्यासारखे आहे ते दुकानांच्या पाट्यांच्या वर आहे. सिटी गाइड्स या स्वयंसेवी संस्थेचे वाटाडे शहरात विनामूल्य पायी फेऱ्या घडवतात. तशी फेरी मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास दोन-अडीच तास, बेताचे सामान आणि चढउतार सोसणारी पादत्राणे एवढी तयारी पुरे.

वेशीतून आत शिरल्यावर ग्रँट अ‍ॅव्हेन्यू हळूहळू चढत जातो. हा शहरातील सर्वांत जुन्या रस्त्यांपैकी एक आहे. पूर्वी त्याचे नाव ड्यूपाँट स्ट्रीट होते आणि जुनी चिनी मंडळी आजही आपल्या उच्चारात त्याला त्याच नावाने ओळखतात. रस्त्याच्या कडेचे दिव्यांचे खांब १९२५ चे असून त्यांना ड्रॅगन वेटोळे घालून बसले आहेत. दुतर्फा रेशमी कपडे, चहा, चिनी मातीची भांडी, स्वस्त खेळणी यांची दाटी आहे. ही दुकाने मुख्यतः पाहुण्यांसाठी. गावकऱ्यांचा बाजार निराळा आहे आणि तो वरच्या अंगाला आहे.

कॅलिफोर्निया स्ट्रीटचा चौक आला की थांबावे. या एका चौकात पेठेचा सारा इतिहास समोरासमोर उभा आहे. एका कोपऱ्यावर विटांचे जुने सेंट मेरीज चर्च आहे. १८५४ च्या नाताळात ते उघडले. त्याच्या पायासाठी लागणारा ग्रॅनाइट चीनमधून घडवून आणला होता. मनोऱ्यावरील घड्याळाखाली तरुणांना वेळेचे भान ठेवण्याचा आणि पापापासून दूर राहण्याचा उपदेश कोरला आहे, कारण त्या काळी समोरच वेश्यागृहांची रांग होती. दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर पॅगोड्याच्या आकाराचे मनोरे मिरवणाऱ्या दोन इमारती आहेत: सिंग चाँग आणि सिंग फॅट. दोन्ही मूळच्या व्यापारी पेढ्या. त्या कशा उभ्या राहिल्या हे समजले म्हणजे पुढची सारी पेठ उलगडते.

१८४८-४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून माणसे येऊ लागली. ती या प्रदेशाला सोन्याचा डोंगर म्हणत. खाणी आटल्या तेव्हा त्यांनी रेल्वेचे काम धरले. १८६९ साली पूर्ण झालेल्या खंडपार लोहमार्गाचा पश्चिमेकडचा अवघड भाग हजारो चिनी मजुरांनी बांधला. पुढे तेच हात कपडे धुण्यात, चिरूट वळण्यात, शिवणकामात आणि किराणा व्यापारात शिरले. काम स्वस्तात होत होते तोवर कोणाची तक्रार नव्हती. मंदी येताच तक्रार सुरू झाली.

त्या तक्रारीचे रूप बरेचसे घरांच्या आणि दुकानांच्या नियमांचे होते, म्हणून ते येथे सांगणे प्राप्त आहे. १८७० च्या एका कायद्याने प्रत्येक भाडेकरूला खोलीत ५०० घनफूट हवा मिळालीच पाहिजे असे ठरवले. ऐकण्यास हे आरोग्याचे कलम. पण अंमल झाला तो चिनी खोल्यांवर. पकडलेल्या माणसांना ज्या तुरुंगात कोंबले जाई, तेथे तेवढी हवा कोणालाच मिळत नसे! १८८० मध्ये लाकडी इमारतीतील धोबीखान्यांना परवाना सक्तीचा झाला. सुमारे २०० चिनी अर्जदारांना तो नाकारला गेला आणि इतर बहुतेक सर्वांना मिळाला. यिक वो नावाच्या धोबीखान्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८८६ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला की कायद्याची भाषा समान असून भागत नाही, त्याचा अंमलही समान हवा. व्यापारी माणसाने हा निकाल लक्षात ठेवावा असा आहे. मात्र त्याआधीच, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा होऊन गेला होता. तो १९४३ पर्यंत टिकला.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला. धक्क्यापेक्षा नंतरच्या आगींनी अधिक संहार केला. सुमारे २८,००० इमारती गेल्या, ३,००० च्या वर माणसे दगावली, आणि चिनी पेठ पूर्णपणे जळाली. सेंट मेरीजच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. आतला भाग राख झाला.

राख निवण्याच्या आत शहराच्या पुढाऱ्यांनी एक समिती नेमली. चिनी लोकांना शहराच्या मध्यातून उठवून दक्षिणेला, खाडीकाठच्या हंटर्स पॉइंट या दूरच्या भागात वसवावे, असा विचार होता. पेठेची जागा डोंगरउतारावर, बँका आणि मोठ्या कचेऱ्या यांना लागून, मोक्याची. ती मोकळी करून घेण्याची इच्छा जुनीच होती. आगीने ती सोपी केली एवढेच.

येथे चिनी व्यापाऱ्यांनी जे केले ते पाहण्यासारखे आहे. चिनी वकिलातीने सांगितले की वकिलातीची जागा चीन सरकारच्या मालकीची आहे आणि इमारत त्याच जागी पुन्हा बांधली जाईल. व्यापाऱ्यांनी ध्यानात आणून दिले की पूर्वेकडील मालाची उलाढाल आणि त्यावरचा कर दुसऱ्या बंदराकडे वळू शकतो. पेठेतील बहुतेक जमिनीचे मालक गोरे होते आणि चिनी भाडेकरू इतरांपेक्षा जास्त भाडे देत. हे भाडे बुडणे मालकांनाही नको होते. वाद न्यायाचा होता, पण तो जिंकला हिशेबाने. काही आठवड्यांतच स्थलांतराचा बेत मागे पडला आणि जुन्या जागी पाया खणण्यास प्रारंभ झाला.

परंतु नुसते परत येऊन भागणार नव्हते. जुन्या पेठेची ख्याती अफूचे अड्डे, जुगार आणि टोळीयुद्धे अशी होती. पुन्हा तीच पेठ उभी राहिली असती तर तिला उठवण्याचा विचारही पुन्हा निघाला असता. या ठिकाणी लुक टिन ईलाय या व्यापाऱ्याचे नाव येते. त्याचा जन्म कॅलिफोर्नियातच, मेंडोसिनो या गावी झालेला. लहानपणी तो शिक्षणासाठी चीनला गेला आणि १८८४ मध्ये चौदाव्या वर्षी परतला, तेव्हा कागदपत्र नाही म्हणून त्याला बंदरावरच अडवले गेले. खटला झाला, आणि जो येथे जन्मला तो येथला नागरिक, असा निर्णय न्यायालयाने दिला. तोच मुलगा मोठेपणी सिंग चाँग पेढीचा व्यवस्थापक झाला. पेठ अशी बांधायची की शहराला ती आपले भूषण वाटावी, गिऱ्हाईक भीतीने नव्हे तर हौसेने यावे, ही कल्पना पुढे रेटणाऱ्यांत तो अग्रभागी होता.

काम सोपवले गेले ते टी. पॅटरसन रॉस या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या वास्तुविशारदाकडे आणि ए. डब्ल्यू. बर्गरेन या अभियंत्याकडे. दोघांपैकी कोणीही चीन पाहिला नव्हता, असे सांगतात. त्यांनी तेव्हाच्या रीतीची विटांची, मोठ्या काचांच्या दुकानांची साधी अमेरिकन इमारत घेतली आणि तिच्यावर वळलेल्या पाखांची छपरे, हिरवी कौले, लाल-सोनेरी रंग, आणि कोपऱ्यावर पॅगोडा चढवला. चीनमध्ये पॅगोडा ही बौद्धांची पवित्र वास्तू आहे. किराणा-कापडाच्या दुकानावर तो कोणी बांधत नाही. एखाद्या पेढीच्या गच्चीवर देवळाचे शिखर बसवावे तसा हा प्रकार. म्हणून जाणकार या इमारतींना नाटकी म्हणतात. ते चूक नाही. परंतु नाटक कोणी, कोणासमोर आणि कशासाठी केले, हेही पाहावे लागते. आपल्या जागेवरून उठवले जाऊ नये म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या पेढ्यांना गिऱ्हाइकाच्या कल्पनेतील चीनचा पोशाख चढवला आणि तो पोशाख पोटाला व जागेला दोन्हीला उपयोगी पडला. सिंग चाँगच्या चौकात उभे राहून वर पाहिले की पॅगोडा डौलदार दिसतो; दोन पावले बाजूला सरून मागची भिंत पाहिली की साध्या विटा आणि लोखंडी जिने दिसतात. दोन्ही पाहावेत.

याच आगीने आणखी एक गोष्ट केली. नगरभवनातील जन्माच्या नोंदी जळाल्या. कोण येथे जन्मला आणि कोण नाही, हे दाखवणारे दप्तरच उरले नाही. अनेक चिनी पुरुषांनी आपण येथलेच असे शपथेवर सांगितले, आणि नागरिकाच्या मुलास येण्याचा हक्क असल्याने चीनमधील मुलांच्या नोंदी केल्या. त्यांतील काही मुले खरी होती, काही केवळ कागदावरची. त्या कागदी पुत्रांची परीक्षा खाडीतील एंजल आयलंड बेटावर १९१० ते १९४० या काळात होत असे. गावाकडच्या घराला किती पायऱ्या आहेत, दार कोणत्या दिशेला आहे, शेजारी कोण राहतो, असे शेकडो प्रश्न विचारले जात आणि बापाच्या उत्तराशी ताडून पाहिले जात. ज्या घरात मुलाने कधी पाऊल टाकले नाही, त्याचा नकाशा पाठ करून त्याला समुद्र ओलांडावा लागे. चुकले तर परत बोटीवर.

चौकापुढचा आडवा रस्ता सॅक्रमेंटो स्ट्रीट. चिनी वस्तीची सुरुवात येथून झाली आणि चिनी भाषेत त्याला तांग लोकांची गल्ली म्हणतात. वाँग किम आर्क नावाच्या ज्या स्वयंपाक्याचा जन्म याच रस्त्यावर झाला, त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर शिक्कामोर्तब केले. लुक टिन ईलायच्या प्रकरणात खालच्या न्यायालयाने जे म्हटले, ते आता देशाचा कायदा झाले. परदेशी आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेली जी हजारो भारतीय नातवंडे पुढे नागरिक ठरली, ती या निकालाच्या आधारावर. पाटीवर दोन ओळी वाचून पुढे जाण्याजोगी ही जागा नाही.

सॅक्रमेंटोहून उजवीकडे एक चिंचोळी गल्ली फुटते, वेव्हर्ली प्लेस. जुन्या काळी येथे न्हाव्यांची दुकाने होती आणि दर पंधरा सेंट असल्याने तिला पंधरा सेंटांची गल्ली म्हणत. आज ती रंगीत सज्जांसाठी ओळखली जाते. पेठेतील सर्वांत प्रामाणिक वास्तू याच गल्लीत आहेत, असे म्हटले तर वावगे होणार नाही. इमारत तीन-चार मजल्यांची, अंगाने पिवळ्या वा लाल विटांची. तळाला दुकान, मधल्या मजल्यांवर खोल्या, आणि सर्वांत वर खोल सज्जा, खांब, कौलारू पाखे, सोनेरी अक्षरांची पाटी. वरचा मजला कुलमंडळाचा किंवा गावमंडळाचा असतो. एका आडनावाचे किंवा एका तालुक्याचे लोक मिळून अशी इमारत बांधत, खालच्या दुकानाचे भाडे घेत आणि त्यातून वरचा दिवा लावत. काळबादेवी-भुलेश्वरच्या ट्रस्टांच्या इमारती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही.

१२५ क्रमांकाच्या इमारतीत टिन हाउ देवीचे मंदिर आहे. ही समुद्रावरच्या माणसांचे रक्षण करणारी देवी. पॅसिफिक ओलांडून आलेल्यांनी पहिला नमस्कार तिला करावा हे स्वाभाविकच. मंदिराची स्थापना १८५२ ची मानली जाते. सध्याची इमारत १९११ ची. मंदिर चौथ्या मजल्यावर आहे. तळमजल्यालाच अमेरिकेत पहिला मजला म्हणतात, त्यामुळे चढायचे ते तीनच जिने. पण लाकडी, अरुंद आणि उभे. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावे. वर गेल्यावर धुपाचा वास, छतापासून लोंबणारे असंख्य लाल-सोनेरी कंदील, त्यांवर दात्यांची नावे, आणि देवीपुढे रचलेली संत्री. देव सर्वांत वर, कारण तो आकाशाला जवळ. त्याच्या डोक्यावर कोणाचा वावर नको. आपल्याकडे घरदेरासर बांधताना हाच विचार असतो. छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, ती पाळावी. १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षे हे मंदिर बंद होते. नवी माणसे येईनाशी झाली होती आणि जुनी थकली होती. १९६५ मध्ये स्थलांतराचे नियम सैलावले, कुटुंबे आली, आणि दार पुन्हा उघडले.

वेव्हर्लीतून क्ले स्ट्रीटला लागून चढ चढत गेले की ९६५ क्रमांकाची विटांची वास्तू येते. १९३२ साली ज्युलिया मॉर्गन यांनी ती चिनी स्त्रियांच्या वायडब्ल्यूसीए संस्थेसाठी बांधली. कॅलिफोर्नियात वास्तुविशारदाचा परवाना मिळवणारी ही पहिली स्त्री. तिच्या पंचवीस वर्षे आधी रॉस-बर्गरेन जोडीने पॅगोड्यांची उधळण केली. मॉर्गनबाईंनी हात आखडता घेतला. तीन बुटके मनोरे, मोजकी रंगीत कौले, दाराची गोलाई, आतला शांत चौक, बस्स. सजावट वरून चिकटवलेली वाटत नाही, भिंतीतून उमललेली वाटते. फेरीत एकाच इमारतीसाठी वेळ असेल तर ती ही. २००१ पासून येथे अमेरिकेतील चिनी इतिहास संस्थेचे संग्रहालय आहे.

खाली उतरून स्टॉकटन स्ट्रीटवर ८४३ क्रमांकाला सहा कंपन्यांची इमारत आहे, १९०८ ची. या कंपन्या म्हणजे व्यापारी पेढ्या नव्हेत. निरनिराळ्या तालुक्यांच्या मंडळांचा तो महासंघ. वाद मिटवणे, वकील देणे, आजाऱ्याला पाहणे, परदेशी मेलेल्याच्या अस्थी गावी पोचवणे ही त्याची कामे. त्यांचा एक नियम बँकेत आयुष्य घालवलेल्यांना विशेष आवडेल. बोट कंपन्यांशी करार असा होता की मंडळाच्या दाखल्याशिवाय कोणाही चिनी माणसास परतीचे तिकीट विकायचे नाही, आणि दाखला मिळे तो सर्व देणी फिटल्यावरच. म्हणजे ना-देय प्रमाणपत्रच ते! तारण नाही, दस्तऐवज नाही, परक्या देशाचे न्यायालय अनुकूल नाही, तरी उधारीचा व्यवहार चालला तो या एका अटीच्या बळावर. अर्थात याची दुसरी बाजूही होती. गरीब मजुरावर मंडळाचा वचक बसे आणि मंडळ असे ते धनिक व्यापाऱ्यांच्या हाती.

भांडवल उभे करण्याची त्यांची रीत तर आपल्या घरोघरची आहे. तिला ते हुई म्हणतात. ओळखीचे दहा-वीस जण दरमहा ठरावीक रक्कम एकत्र करतात आणि जो अधिक व्याज सोडण्यास तयार, त्याला त्या महिन्याची रक्कम मिळते. ही आपली लिलावाची भिशीच. कितीतरी धोबीखाने, खानावळी आणि किराणा दुकाने याच पैशावर सुरू झाली. पुढे १९०७ मध्ये लुक टिन ईलाय व त्याच्या सहकाऱ्यांनी कँटन बँक काढली, चिनी मालकीची या देशातील पहिली. ती १९२६ मध्ये बुडाली. हुई मात्र चालू राहिल्या.

स्टॉकटन हाच गावकऱ्यांचा खरा बाजार. भाजी, फळे, सुकवलेल्या औषधी, आणि पाय ठेवण्यास जागा नाही अशी गर्दी. जिवंत मासे आणि कोंबड्याही उघड्यावर विकल्या जातात, तेव्हा ज्यांना ते पाहवणार नाही त्यांनी समांतर गल्लीतून जावे. खाण्याबद्दल सांगायचे तर चिनी बौद्धांच्या शाकाहारात कांदा-लसूण परंपरेने वर्ज्य आहे, ही आपल्या सोयीची गोष्ट. कंदमुळे आणि अळंबी मात्र चालतात, म्हणून विचारून घ्यावे. या रस्त्याखाली आता भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. १९८९ च्या भूकंपात खाडीकाठचा उन्नत महामार्ग खिळखिळा झाला आणि १९९१ मध्ये तो पाडला, तेव्हा गिऱ्हाईक तुटेल म्हणून पेठेतील व्यापाऱ्यांनी मोठा विरोध केला होता. त्या तुटलेल्या वाटेची भरपाई म्हणून मागितलेली ही रेल्वे २०२२ च्या अखेरीस धावू लागली.

उतरत्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर ७४३ क्रमांकाला तीन छपरांची एक लहानशी, खेळण्यासारखी वास्तू आहे. १९०९ साली ती चिनी टेलिफोन केंद्रासाठी बांधली गेली. माणसाला आकड्याने हाक मारणे उद्धटपणाचे, म्हणून लोक नाव सांगून फोन जोडून मागत. केंद्रावरील मुलींना दोन हजारांहून अधिक ग्राहकांची नावे, पत्ते आणि व्यवसाय तोंडपाठ असत. एकाच नावाचे चार जण असले तर कोणता हवा हेही त्या ओळखत, आणि तेही निरनिराळ्या बोलींत. १९४९ मध्ये आपोआप चालणारी यंत्रणा आली आणि केंद्र बंद पडले. १९६० मध्ये एका बँकेने वास्तू विकत घेऊन डागडुजी केली; आजही तेथे बँकच आहे. पेठेतील पॅगोड्यांत हा सर्वांत रेखीव. व्यवहाराच्या वेळेत गेल्यास आत डोकावता येते.

दोन पावलांवर पोर्ट्समथ चौक. ९ जुलै १८४६ रोजी अमेरिकेचे निशाण या गावात प्रथम येथे फडकले. शहर येथून वाढले आणि पुढे दुसरीकडे गेले. मागे राहिलेला चौक चिनी पेठेचा झाला. खाली मोटारी ठेवण्याचे तळघर, वर बाके, झाडे आणि मुले. त्याला पेठेचा दिवाणखाना म्हणतात, आणि ते अक्षरशः खरे आहे. सुंदर सज्जांच्या मागच्या मधल्या मजल्यांवर ज्या खोल्या आहेत, त्या बहुधा आठ बाय दहा फुटांच्या असतात. एका खोलीत एक म्हातारा किंवा एक अख्खे कुटुंब. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मजल्याला सामाईक. पाहुण्याला घरी बसवण्यास जागा नाही, म्हणून सारे येथे येतात.

चौकातून पूर्वेला ट्रान्सअमेरिका पिरॅमिड दिसतो: ४८ मजले, ८५३ फूट, १९७२ चा. त्याच्या आणि पेठेच्या मध्ये अंतर ते काय, दोन चौकांचे. कचेऱ्यांचे शहर पुन्हा एकदा पेठेच्या उंबऱ्याशी येऊन थांबले होते. या खेपेला रक्षण पॅगोड्यांनी केले नाही, नियमांनी केले. १९८६ मध्ये महापालिकेने पेठेतील इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा घातली. राहत्या खोल्या पाडून कचेऱ्या करण्यास आळा बसला. दुसरे संरक्षण मालकीचे आहे. कुलमंडळांनी शंभर वर्षे धरून ठेवलेल्या इमारती सहसा बाजारात येत नाहीत. ज्या खाजगी आहेत त्यांचे भाडे चढते आहे, ग्रँट अ‍ॅव्हेन्यूवर काही दुकानांची दारे ओढलेली दिसतात, आणि शिकलेली पिढी उपनगरांत घरे घेऊन राहते. ती रविवारी गाडी घेऊन येते, आजीला भेटते, भाजी घेते आणि परतते.

या चौकाच्या नूतनीकरणाची योजना शहराने आखली आहे. कामाआड किंवा कामानंतर तो कसाही दिसो, पत्त्यांचे डाव कोठे ना कोठे मांडलेले असतातच. पुठ्ठ्याचे खोके उलटे करून त्याचे मेज केलेले असते, भोवती टोप्या घातलेल्या आठ-दहा आजी-आजोबांचा घोळका आणि मोठ्या आवाजातली हुज्जत. दुपार कलली की खाडीकडून गार वारा सुटतो, मग एकेक जण कोटाची बटणे लावत आपल्या जिन्याकडे वळतो.